वीस मीटरचे रीळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकायला निम्मे शहर महाल-इतवारीकडे लोटते. गेल्या वर्षी त्या दिवशी मी घरीच थांबले होते. आमच्या घराला लागून असलेला प्लॉट कित्येक वर्षे रिकामा आहे. त्याचे मालक पुण्याला असतात आणि प्लॉटची मालकी जूनच्या पहिल्या सरीपासून गाजरगवताकडे जाते. पोळ्यापर्यंत ते छातीइतके वाढून कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्या अंगणात डोकावू लागले होते. पूर्वी विळा घेऊन येणारा माणूस आता येईनासा झाला आहे, म्हणून मी विजेवर चालणारे गवत कापण्याचे मशीन घेतले होते. पेट्रोलचे मशीन जड असते, ते सुरू करायला दोरीला हिसका द्यावा लागतो आणि माझ्या उजव्या खांद्याला तो हिसका झेपणारा नव्हता.

मशीन निवडताना मी आठ दिवस विचार केला. त्याला वीज पुरवणारी वायर निवडताना आठ मिनिटेही केला नाही, कारण ती घरात होतीच: प्लास्टिकच्या लाल ढोलावर गुंडाळलेले वीस मीटरचे रीळ, दोन उन्हाळ्यांपूर्वी कूलरसाठी आणलेले. मशीनचा प्लग जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा होता आणि रिळावरचे सॉकेट लहान, सहा अँपिअरचे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यावर एक कन्व्हर्टर दिला. रिळाचा स्वतःचा टॉप, म्हणजे प्लगही, लहानच होता, पण पोर्चमधले सॉकेट दोन्ही मापांच्या पिना घेणारे असल्यामुळे तो तिथे सहज बसला. सगळे सगळ्यात बसले, याचा त्या वेळी मला आनंदच झाला.

भिंतीलगतचा पट्टा पोर्चपासून जवळ असल्यामुळे मी रिळातून सहाएक मीटरच वायर ओढली आणि बाकीची तशीच गुंडाळलेली ठेवली. पाऊण तास मशीन चालले. मग ओल्या गवताच्या उग्र वासात एक दुसरा वास मिसळला, नव्या रेनकोटाची घडी उन्हात उघडावी तसा. मशीनमधून तो येत नव्हता. मी पोर्चकडे गेले आणि रिळाला हात लावला, तर ढोल चहाच्या पेल्याइतका गरम होता. भिंतीवरचा खटका बंद करून, टॉप काढून मी वायर उलगडू लागले तेव्हा आतले वेढे एकमेकांना चिकटले होते; ओढल्यावर ते चर्र आवाज करीत सुटत होते आणि प्रत्येक वेढ्यावर शेजारच्या वेढ्याचा लांबट खळगा उमटला होता.

इथे एक कबुली देणे भाग आहे. मी एकोणतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम मी इतक्या वर्गांना इतक्या वेळा शिकवला आहे की झोपेतून उठवले तरी फळ्यावर लिहून देईन. विद्युतप्रवाहामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हेही शिकवले. पण फळ्यावरची तार आणि पोर्चमधली वायर या दोन वेगळ्या वस्तू आहेत अशी माझी अजाणता समजूत असावी.

आमचा वायरमन माझा जुना विद्यार्थी आहे. आयटीआय करून तो या कामाला लागला आणि अजूनही मला ‘बाई’ म्हणतो. मारबतीची गर्दी आटोपून तो संध्याकाळी आला, रीळ पाहिले आणि म्हणाला, “बाई, मशीन चालवताना पूर्ण वायर बाहेर काढा लागते. गुंडाळून ठेवली तर गरमी जाईन कुठं?” चांगल्या रिळांवर किती वॅट चालतील याचे दोन आकडे छापलेले असतात, एक वायर गुंडाळलेली असतानाचा आणि एक पूर्ण उलगडलेली असतानाचा, आणि पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच लहान असतो. माझ्या रिळावर एकही आकडा नव्हता.

मग त्याने पक्कडीने वायर कापली आणि ते टोक माझ्यापुढे धरले. आत दोनच तारा होत्या. टॉपला तीन पिना, सॉकेटला तीन छिद्रे आणि मधल्या वीस मीटरमध्ये दोन तारा. तिसरी पिन, जी अर्थिंगची, म्हणजे यंत्राच्या अंगात उतरलेली वीज जमिनीत नेणारी, ती टॉपच्या आत कशालाही जोडलेली नव्हती. नकली दातासारखी नुसती बसवलेली होती.

रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी एका तारेचे आवरण सोलले आणि आतले तांब्याचे तंतू सुईने वेगळे करून मोजले. तेवीस भरले. वायरमन लोक अशा वायरीला ‘तेवीस-शहात्तर’ म्हणतात, त्याहून जाड ती ‘चाळीस-शहात्तर’. पहिला आकडा तंतूंचा आणि दुसरा एका तंतूच्या जाडीचा, ०.००७६ इंच, अशी ती जुनी इंचातली परिभाषा आहे. हिशेब केला तर तेवीस तंतूंचे मिळून क्षेत्रफळ ०.६७ चौरस मिलिमीटर येते. एवढ्या जाडीच्या वीस मीटर वायरीत प्रवाह जातो वीस मीटर आणि परततो वीस मीटर, म्हणजे चाळीस मीटर तांबे, आणि त्याचा रोध जवळजवळ एक ओहम. १६०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे सात अँपिअर प्रवाह घेते. साताचा वर्ग एकोणपन्नास. म्हणजे संपूर्ण वायर मिळून पन्नास वॅटची शेगडी झाली होती आणि त्यातला सत्तर टक्के भाग, चौदा मीटर, बंद ढोलात होता. साधे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे असते. मी पस्तीस वॅटचे आयर्न प्लास्टिकच्या डब्यात पाऊण तास कोंडून ठेवले होते. हा सातवी-आठवीच्या वकुबाचा हिशेब करायला मला वायर वितळू लागेपर्यंत थांबावे लागले.

तरी झोप उडाली ती या हिशेबाने नव्हे, त्या दोन तारांनी.

नागपूरच्या माणसाला कूलरबद्दल काही सांगायला नको. होळी झाली की गच्चीवरून, माळ्यावरून कूलर खाली येतात, नवा खस बसतो आणि लोखंडी स्टँडवर, खिडकीला टेकून, पत्र्याचा तो ठोकळा जूनपर्यंत घुमत राहतो. येथील विमानतळावर २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा गावात कूलर ही चैन नव्हे. पण वस्तू म्हणून पाहिले तर तो भयंकर आहे: धातूचे अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि टाकीत पाणी भरणारा माणूस बहुधा अनवाणी. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर सॉकेट नाही, म्हणून सलग दोन उन्हाळे आमचा कूलर याच रिळावर चालला. कूलरच्या स्वतःच्या वायरीत तीन तारा आहेत, त्याचे अंग तिसऱ्या तारेला नीट जोडलेले आहे आणि घरात अर्थिंगही आहे. फक्त मधले वीस मीटर त्या अर्थिंगला कूलरपर्यंत पोचू देत नव्हते. एकदा पाणी भरताना माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या होत्या. चप्पल ओली असेल म्हणून मी ते सोडून दिले होते.

त्या रात्री मला कळले की हे एकच रीळ दोन यंत्रांसाठी दोन वेगवेगळ्या कारणांनी अयोग्य होते. कूलर दीड-दोनशे वॅटचा असतो, अँपिअरभर प्रवाह घेतो. त्याला तेवीस तंतू भरपूर होतात, पण तिसरी तार नसेल तर तो जिवावर बेततो. गवत कापण्याच्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे. तिचा अर्थ असा की आत दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थिंगची तार मुळात लागत नाही. त्याला लागते ती जाडी. म्हणजे ‘चांगली एक्स्टेन्शन द्या’ या मागणीला काही अर्थच नाही. आधी यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचायची, वॅट पाहायचे, धातूचे अंग आहे का ते पाहायचे, मग सॉकेटपासून कामाच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे तर टेपने मोजायचे, आणि हे सगळे कागदावर घेऊन दुकानाची पायरी चढायची. एकच वायर दोन्हींसाठी हवी असेल, आणि मध्यमवर्गीय घरात ती तशीच हवी असते, तर ती तीन तारांचीच असली पाहिजे.

वायर एवढी तापली तरी एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा खटका, का पडली नाही, हा प्रश्न मी आमच्या वायरमनला विचारला. उत्तर मला यायला हवे होते. पोर्चच्या त्या लाइनवर वीस अँपिअरची एमसीबी आहे. भिंतीतल्या जाड तारा सांभाळणे हे तिचे काम. तिच्या लेखी सात अँपिअर म्हणजे काहीच नाही. पुढे कोणी दोऱ्यासारखी वायर लावली आहे, हे तिला कळायला मार्ग नाही. या बाबतीत आपल्या गोल पिनांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हा प्लग मूळ ब्रिटिश, १९३४ सालच्या त्यांच्या मानकातला. ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पिनांच्या नव्या प्लगचे मानक आणले आणि प्रत्येक प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज घातला, म्हणजे वायर जशी असेल तसा फ्यूज तिच्या बरोबरच फिरतो. आपण गोल पिनांवरच राहिलो, आणि आपल्या टॉपमध्ये फ्यूज नसतो. मात्र त्या जुन्या रचनेतली एक शहाणी गोष्ट आपल्याकडे टिकली: अर्थची पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते, त्यामुळे टॉप घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. त्या लांब पिनेला आत काहीच जोडायचे नाही, हा विनोद मात्र पूर्णपणे आपला.

माणसाचा जीव वाचवणे हे एमसीबीचे कामच नव्हे. ते काम आरसीसीबीचे. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणार्धात वीज तोडते. वीस अँपिअरच्या एमसीबीला जाग येण्यासाठी त्याच्या सहाशेपटींहून अधिक प्रवाह लागतो, आणि शरीरातून तेवढा जाण्याची वाट कोणी पाहू नये. आमच्या घरात आरसीसीबी नव्हती. दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली, आणि अंगणातले कोणतेही यंत्र आता तिच्या मागूनच चालते. तिच्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. दर महिन्याला ते दाबून पाहायचे. मी वीजबिलाच्या दिवशी दाबते, म्हणजे विसरत नाही.

वायर घ्यायला सीताबर्डीला गेले. दुकानात ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ अशी भाषा चालते. तो मिलिमीटर व्यासाचा नसून तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा, म्हणजे चौरस मिलिमीटर असतो, हे एकदा कळले की गोंधळ थांबतो. इंटरनेटवर याविषयी जे व्हिडिओ मी पाहिले होते ते बहुतेक अमेरिकेतले होते, त्यांत बारा गेज, चौदा गेज असे आकडे येतात. तिथे आकडा लहान तशी वायर जाड आणि तिथला पुरवठा १२० व्होल्टचा, त्यामुळे तेवढ्याच वॅटच्या यंत्राला प्रवाह जवळजवळ दुप्पट. त्यांचे तक्ते आपल्या अंगणात जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही. दुकानदाराने आधी भडक नारिंगी रंगाची वायर पुढे केली, “बाहेरसाठी हीच चालते मॅडम” म्हणून. संत्र्यांच्या गावात नारिंगी रंगाला मी नाही म्हणणार नव्हते, आणि हिरव्या गवतात तो रंग लांबून दिसतो हा फायदा खराच आहे. पण रंग म्हणजे बाहेरची क्षमता नव्हे. ती वायरीच्या अंगावर छापलेल्या अक्षरांत असते: किती तारा, किती चौरस मिलिमीटर, किती व्होल्ट आणि आयएसआयची खूण. त्या नारिंगी वायरीवर यांतले काहीही छापलेले नव्हते. शिवाय मी टोकाला ब्लेडने खरवडून पाहू का, असे विचारले. तांबे खरवडले तरी आतपर्यंत तांबडेच निघते. तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनिअम असेल तर पांढरे पडते. दुकानदाराने ती वायर न बोलता परत ठेवली.

दीड घ्यायची की अडीच, यावर दुकानदार आणि माझा विद्यार्थी यांचे फोनवर जुंपले. दुकानदाराचे म्हणणे चुकीचे नव्हते: पंचवीस मीटर लांबीला दीडच्या वायरीत सात अँपिअरवर पाचएक व्होल्ट वाटेतच पडतात, ते चालण्याजोगे आहे. अडीचमध्ये तीन व्होल्टही पडत नाहीत, पण वायर जड आणि ताठ होते. मी अडीच घेतली, आणि त्याचे कारण आमचा उन्हाळा. साध्या पीव्हीसी आवरणाच्या तारेने ७० अंशांच्या वर तापू नये अशी मर्यादा असते, आणि आपल्याकडच्या तक्त्यांत तिची क्षमता सहसा बाहेरची हवा ४० अंश धरून दिलेली असते. म्हणजे तापायला तीस अंशांची सवलत. सावलीत ४६ अंश झाले की ती सवलत चोविसावर येते, आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हातल्या फरशीवर काळी वायर पसरली तर किती उरते, हे अनवाणी अंगणात उतरून पाहावे. बाहेरचे आवरण मी रबराचे निवडले, कारण पीव्हीसी उन्हात दोन-चार वर्षांत कडक होऊन तडकते. ते अंमळ महाग पडले.

तयार बोर्ड न घेता आम्ही टोके घरीच जोडली. तो तासाभराचा उद्योग माझ्या चांगला लक्षात राहिला. वायरमनने बाहेरचे काळे रबर मोजून सोलले. आतून तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन तारा निघाल्या. तपकिरी आणि निळी त्याने आखूड कापल्या, हिरवी-पिवळी मात्र बोटाच्या पेराएवढी लांब ठेवली. का, असे विचारल्यावर म्हणाला, “उद्या कोणी वायर हिसकली तर अर्थ सगळ्यात शेवटी निघाला पायजे.” पिनेच्या लांबीमागचे तत्त्व पुन्हा इथे, टॉपच्या पोटात, त्याच्या बोटांत होते. मग त्याने तंतूंच्या टोकांवर छोट्या नळ्या दाबून बसवल्या, म्हणजे स्क्रूखाली एकही तंतू बाहेर फिस्कारत नाही, आणि शेवटी वायरीला धरणारी पट्टी काळ्या रबरावरच आवळली, आतल्या तारांवर नाही. यंत्राकडच्या टोकाला झाकणाचे, रबरी कड असलेले सॉकेट लावले. त्यावर आयपी ४४ असे लिहिलेले आहे, म्हणजे आत काय शिरू शकत नाही त्याचे आकडे. पहिला चार बारीक काडी-तारेसाठी, दुसरा कोणत्याही बाजूने उडणाऱ्या पाण्यासाठी. म्हणजे शिंतोडे चालतील, डबक्यात ठेवणे चालणार नाही. एक मिनिट बुडाले तर काय, असे आपण विचारतोच. त्यासाठी दुसऱ्या जागी सात लागतो.

शिंतोडे आणि डबके यांतला फरक या गावाने पाहिला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतरच्या दिवसांत मी एका मैत्रिणीकडे मदतीला गेले होते. घोट्याइतक्या गाळात उभे राहून लोक पंप आणि पाण्याच्या फवाऱ्याची मशिने चालवत होते आणि दोन-दोन एक्स्टेन्शन एकमेकींना जोडून, जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधून, त्या गाळातूनच ओढत होते. पिशवी पाणी बाहेर ठेवते तसे आतही ठेवते. आम्ही निदान तो जोड उचलून एका पालथ्या बादलीवर ठेवला. आता माझ्या अंगणातही जोड विटेवर असतो आणि वायर त्याच्या आधी थोडी खाली झोका घेते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोक्याच्या तळाशी टपकते. गवत ओले असेल तर मी मशीन काढतच नाही. गवत वाढते, वाढू द्यावे.

अर्थिंगचे एक काम उरले होते. आमची जमीन काळ्या मातीची. पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. ओल गेली की ती वीज नीट पोटात घेत नाही, आणि कूलर चालतो नेमका त्याच दिवसांत. म्हणून मार्चपासून आठवड्यातून दोनदा मी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते. शेजारच्या वहिनींनी विचारले होते, तिथे काय लावले आहे.

जुन्या रिळाची दोन्ही टोके मी कापून टाकली, कारण तसेच दिले असते तर ते उद्या कोणाच्या तरी कूलरला लागले असते. नुसती वायर कबाडीवाल्याने काट्यावर टाकली, ती प्लास्टिकसकट किलोभर भरली. त्याने टोक दाताने सोलून पाहिले आणि माझ्याकडे जरा नाराजीनेच बघितले. “माय, याच्यात तांबं पाव किलोबी नाई निघत,” तो म्हणाला. घरात येऊन मी हिशेब केला: दोनशे चाळीस ग्रॅम. आणि खुंटीवरच्या नव्या वायरीत एक किलो सहाशे ऐंशी.